तालमीत घडलेले जीवन : ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव

शाळेत व्यायामाचे महत्त्व या विषयावर निबंध लिहावयास सांगितला, तर पाचवी-सहावीतील मूलही दोन पाने सहज लिहून देते. व्यायामाने शरीर निरोगी राहते, भूक लागते, झोप चांगली येते, अभ्यासात लक्ष लागते, हे सारे आपणां सर्वांना तोंडपाठ आहे. अडचण येते ती त्यापुढे. परीक्षा संपल्यावर मोठ्या हौसेने सुरू केलेला व्यायाम पंधरा दिवसही टिकत नाही. कधी पाऊस लागतो, कधी घरी पाहुणे येतात, कधी शिकवणीची वेळ बदलते, आणि एकदा पडलेला खंड महिनोन्‌महिने तसाच राहतो. व्यायाम सुरू करणे सोपे आहे. तो रोज चालू ठेवणे कठीण आहे.

या प्रश्नावर उपदेश पुष्कळ झाला आहे. त्यापेक्षा एका माणसाचे आयुष्य पाहिले तर अधिक उपयोग होईल असे वाटल्यावरून प्रस्तुत लेखात स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे महाराष्ट्राचे मल्ल कै. खाशाबा दादासाहेब जाधव यांचा परिचय करून देत आहे.

तालीम म्हणजे काय ?

प्रथम एका शब्दाविषयी थोडेसे. आपल्या घरांतून तालीम म्हटले की शिक्षण हा अर्थ मनात येतो, आणि मूळ अरबी भाषेतही या शब्दाचा अर्थ शिकवणे असाच आहे. मराठीत मात्र तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, व्यायामाची जागा. ज्याला आपण उस्ताद म्हणतो तो मराठी तालमीत वस्ताद झाला. पहिलवान आणि कुस्ती हे शब्द फारसीतून आले. कसरत हा शब्दही अरबी असून त्याचा मूळ अर्थ विपुलता, पुष्कळपणा असा आहे. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, पुष्कळ वेळा करणे म्हणजे कसरत. व्यायामाचे सारे मर्म या एका शब्दात आले आहे.

महाराष्ट्रातील तालीम ही कोणा एका जातीची वा धर्माची मिरासदारी कधीच नव्हती. बडोद्यातील प्रसिद्ध व्यायाम मंदिर जुम्मादादा या उस्तादांच्या नावाने चालत आले, आणि ते नावारूपास आणले त्यांचे शिष्य प्रो. माणिकराव यांनी. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, खासबागेचे भव्य कुस्ती मैदान उभारले आणि त्याच कोल्हापुरात १९०६ साली मुसलमान समाजाच्या शिक्षणासाठी संस्था स्थापन करण्यात पुढाकारही घेतला. तालीम या शब्दाचे दोन्ही अर्थ त्या राजाने ओळखले होते. खाशाबा जाधव हे याच कोल्हापूरच्या परंपरेत वाढले.

गोळेश्वरचा मुलगा

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडनजीकच्या गोळेश्वर या लहानशा गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब हे स्वतः नामांकित मल्ल. त्यांनी खाशाबांना वयाच्या पाचव्या वर्षीच मातीत उतरविले. व्यायाम हा त्या घरात कोणी मुद्दाम लावून घेतलेला नियम नव्हता. वडील पहाटे उठून तालमीत जातात, म्हणून मुलगाही जातो, इतका तो सहज होता. आपल्या मुलांना व्यायामाची गोडी कशी लावावी, असे अनेक पालक शाळेत येऊन विचारतात. दादासाहेबांनी ती कशी लावली हे पाहिले म्हणजे त्यांना उत्तर मिळावे.

खाशाबांचे माध्यमिक शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. अभ्यासातही ते मागे नव्हते. १९४२ च्या चलेजाव आंदोलनाच्या काळात भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, पत्रके पोहोचविणे अशी कामे त्यांनी केली. पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले.

कॉलेजातील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव देण्यास खाशाबा गेले, तेव्हा त्यांची लहानखोर अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना नकार दिला. खाशाबा प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या किरकोळ दिसणाऱ्या मुलाने आपल्याहून दांडग्या मल्लांना चीत केले. आम्हां शिक्षकांनीही हा प्रसंग ध्यानात ठेवावा. मुलाच्या बाह्य रूपावरून त्याच्या कसाची परीक्षा होत नसते.

लंडनची हार

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलल्यामुळे बावीस वर्षांच्या खाशाबांना तेथे जाता आले. त्यांचे सारे आयुष्य तांबड्या मातीत गेले होते, आणि लंडनमध्ये कुस्ती होती गादीवर. मातीतल्या आणि गादीवरच्या कुस्तीत पुष्कळ अंतर आहे. मातीत पाय रोवता येतो, गादीवर तो घसरतो. गुण मोजण्याची पद्धतही निराळी. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना थोडे दिवस शिकविले, परंतु इतक्या वर्षांची सवय थोड्या दिवसांत बदलत नाही. तरीही सर्वांत हलक्या वजनाच्या गटात खाशाबांनी सहावा क्रमांक मिळविला. इराणचे मन्सूर रईसी यांच्याकडून त्यांना हार पत्करावी लागली.

प्रथमच परदेशी गेलेल्या खेड्यातील तरुणाने जगात सहावे यावे ही काही लहान गोष्ट नव्हती. त्यावर समाधान मानून ते गावी स्वस्थ बसले असते, तरी कोणी त्यांना बोल लावला नसता. पुष्कळ खेळाडूंचा व्यायाम येथेच संपतो. हार झाली की मन खचते, आणि थोडे यश मिळाले की अंग सैल पडते. खाशाबांच्या वाट्यास दोन्ही एकदमच आले होते. परंतु त्यांनी पुढील ऑलिंपिक हे उद्दिष्ट ठरविले आणि ते पुन्हा तालमीत उतरले.

मधली चार वर्षे

वाचकहो, खाशाबांच्या चरित्रातील पदकाचा दिवस सर्वांना ठाऊक असतो. माझ्या मते त्यापूर्वीची चार वर्षे आपल्याला अधिक शिकविणारी आहेत. १९४८ ते १९५२ हा काळ म्हणजे सुमारे चौदाशे साठ दिवस. या दिवसांत टाळ्या नव्हत्या, पगार नव्हता आणि खेळाडूंना आज मिळणाऱ्या सोयीसवलतीही नव्हत्या. हेलसिंकीला जाता येईल की नाही याचीही शाश्वती नव्हती. मग हा तरुण इतके दिवस तालमीत टिकला तरी कसा ? केवळ उत्साहावर चौदाशे दिवस निघत नाहीत. उत्साह हा पाहुण्यासारखा असतो, आपल्या मर्जीने येतो आणि जातो.

याचे उत्तर बऱ्याच अंशी तालमीच्या रचनेतच आहे. पहिली गोष्ट म्हणजे वेळ. तालीम पहाटे भरते. आज जावे की न जावे याचा विचार करण्यास मनाला सवडच मिळत नाही. दुसरी गोष्ट जागा. लंगोट लावून हौद्यात उतरले की तेथे व्यायामाखेरीज दुसरे काही करावयाचे नसते. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरविलेली माती आधी खोऱ्याने उकरावी लागते. ते करता करताच अंग गरम होते आणि आळस पळतो. तिसरी गोष्ट जोडीदार. कुस्ती एकट्याने होत नाही. आपण गेलो नाही तर दुसऱ्या कोणाची मेहनत बुडते, ही जाणीव माणसाला अंथरुणातून उठविते. आणि चौथी गोष्ट वस्ताद. कोण आला, कोण आला नाही, कोणी अंग चोरले, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. जोर, बैठका, सपाट्या हे तेच ते व्यायाम रोज होतात. त्यांत नावीन्य काहीच नसते. परंतु या चार गोष्टींच्या आधाराने ते वर्षानुवर्षे होत राहतात.

नुसती मेहनत करून खाशाबा थांबले नाहीत. लंडनमध्ये काय कमी पडले हे त्यांनी ओळखले होते. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरून त्याला पाठीवर फेकण्याचा हा डाव मातीप्रमाणेच गादीवरही चालावा, अशी तयारी त्यांनी केली. शरीरही भरले आणि ते वरच्या वजनगटात, म्हणजे ५७ किलोंच्या गटात लढू लागले.

नियमितपणाचे फळ किती काळ टिकते हे पाहावयाचे असेल तर गामा पहिलवानांचे उदाहरण घ्यावे. १९१० साली लंडनमध्ये पोलंडचे झ्बिश्को यांच्याशी त्यांची कुस्ती अडीच तासांहून अधिक वेळ चालून बरोबरीत राहिली होती. १९२८ साली पतियाळा येथे पन्नाशीच्या घरात असलेल्या गामांनी त्याच झ्बिश्को यांना एका मिनिटाच्या आत आस्मान दाखविले. मधली अठरा वर्षे गामांचे जोर-बैठका चुकले नव्हते.

घर गहाण टाकणारे प्राचार्य

१९५२ साल उजाडले. मद्रास येथील स्पर्धेत आपल्याला एक गुण जाणूनबुजून कमी देण्यात आला, अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती झाली आणि तीत प्रतिस्पर्ध्याला चीत करून त्यांनी हेलसिंकीचे दार उघडले.

निवड झाली, परंतु पैसा कोठून आणावयाचा ? शेतकरी कुटुंबाला परदेशगमनाचा खर्च झेपणारा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, ओळखीच्यांनी यथाशक्ती मदत केली, तरी रक्कम पुरी होईना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. सत्तर वर्षांपूर्वीचे सात हजार रुपये म्हणजे किती, याचा अंदाज घरातील वडीलधाऱ्यांना विचारावा. एका शिक्षकाने विद्यार्थ्याच्या खेळासाठी डोक्यावरचे छप्पर पणाला लावल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. चार वर्षांची मेहनत खाशाबांची होती, पण या माणसांच्या आधारावाचून ती कोल्हापुरातच राहिली असती.

हेलसिंकीचे पदक

फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांवर मात केली. जपानचे शोहाची इशी यांच्याबरोबरची त्यांची कुस्ती दीर्घकाळ चालली आणि त्यांनी ती थोडक्यात गमावली. त्यानंतर जवळजवळ लगेच त्यांना सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याशी लढण्यास सांगण्यात आले. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती, परंतु ती मागण्यासाठी भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेल्या अंगाने खाशाबा उतरले आणि हरले. इशी यांना सुवर्ण, मम्मदबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. तो दिवस होता २३ जुलै १९५२.

खाशाबा परतले तेव्हा कराड स्टेशनावर माणसांची रीघ लागली होती. बैलगाड्यांच्या लांबलचक मिरवणुकीने त्यांना वाजतगाजत गोळेश्वरला नेण्यात आले. नंतर त्यांनी केलेली गोष्ट अधिक मोलाची आहे. कोल्हापुरात कुस्त्यांचा फड भरवून ते स्वतः लढले, आणि मिळालेल्या बक्षिसाच्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. पदक गळ्यात पडले तरी उपकाराचे स्मरण ठेवणारा हा मल्ल होता.

पदकानंतर

पदकामुळे त्यांचे दैन्य फिटले असे मात्र झाले नाही. १९५५ साली ते पोलीस खात्यात सबइन्स्पेक्टर म्हणून लागले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी चालू असताना गुडघ्यास गंभीर दुखापत झाली आणि ती संधी हुकली. एखाद्याने यानंतर खेळाशी संबंध तोडला असता. खाशाबांनी पोलीस खात्यातील स्पर्धा गाजविल्या आणि इतरांना शिकविण्याचे कामही केले. १९८२ च्या दिल्ली आशियाई सामन्यांच्या वेळी मशाल वाहून नेणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. १९८३ साली ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले, आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात गौरव झाला. महाराष्ट्र शासनाने त्यांना शिवछत्रपती पुरस्कार दिला, पुढे केंद्र शासनाने अर्जुन पुरस्कार दिला. दिल्लीतील कुस्ती स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी हा महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्याचा निर्णयही झाला. त्यांच्यानंतर ऑलिंपिकमध्ये दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यासाठी भारताला १९९६ सालापर्यंत, म्हणजे तब्बल ४४ वर्षे, वाट पाहावी लागली. हा सन्मान त्यांच्या हयातीत झाला असता तर किती बरे झाले असते ! परंतु सन्मानाची वाट पाहत त्यांनी व्यायाम केला नव्हता, म्हणूनच तो न मिळाल्याने त्यांचा व्यायाम थांबलाही नाही.

आपण काय घ्यावे ?

पूनम सागरमधील आपल्या इमारतींतून तांबड्या मातीचा हौदा कोठून आणावयाचा, असे पालक म्हणतील. आवारात गाड्या लागलेल्या, घरे दोन खोल्यांची, वडील सकाळी लोकल गाठण्याच्या घाईत आणि मुले शाळा व शिकवणी यांमध्ये अडकलेली. अडचण खरी आहे. तथापि तालमीतील ज्या चार गोष्टी वर सांगितल्या, त्यांपैकी एकीलाही मातीची गरज नाही.

वेळ ठरवा. फजरच्या नमाजासाठी ज्या घरांतून माणसे उठतात, त्या घरांना पहाटेची वेळ निराळी शोधावी लागणार नाही. पुन्हा अंथरुणात न शिरता वीस मिनिटे काढली की झाले. रमजानच्या महिन्यात वेळ बदलून हलका व्यायाम ठेवता येईल, पण सवय पूर्ण मोडू देऊ नये. जागा ठरवा. जोर आणि बैठका यांना एका सतरंजीएवढी जागा पुरते, आणि इमारतीचा जिना तर सर्वांना फुकट आहे. जोडीदार ठरवा. शेजारचा मित्र, भाऊ, किंवा स्वतः वडील. मुलींनी मैत्रिणींसमवेत, आयांनी शेजारणींसमवेत रोज झपाझप चालावयास जावे. व्यायाम ही मुलांचीच गोष्ट आहे असे समजणे सर्वस्वी चूक आहे. वस्ताद म्हणून घरातील आजोबांना नेमा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण करावयास सांगा. खूण नसलेला चौकोन आपोआप बोलू लागतो.

सुरुवात थोडक्यात करावी. पहिल्याच दिवशी पन्नास जोर मारणारा दुसऱ्या दिवशी अंग धरून बसतो. दहाने सुरुवात करणारा महिन्याने तीसवर जातो. खंड पडला तर खेद करीत बसू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहावे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांची आणि प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांची शारीरिक हालचाल सुचविली आहे. प्रौढांच्या बाबतीत हा हिशोब दिवसाला जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा पडतो. ज्यांना हृदयविकार, मधुमेह वा अन्य व्याधी आहेत त्यांनी मात्र डॉक्टरांचा सल्ला घेऊनच आरंभ करावा.

पालकांना एक विनंती. मूल दहावीत गेले की त्याचे खेळणे बंद करण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. खाशाबा हे हायस्कूल आणि कॉलेज शिकत असतानाच मल्ल झाले, आणि त्यांच्यामागे उभे राहिले ते एका कॉलेजचे प्राचार्य. अभ्यास आणि व्यायाम यांचे वैर असते, तर असे घडलेच नसते. घर गहाण ठेवण्याची वेळ आपणांपैकी बहुतेकांवर येणार नाही. रोज अर्धा तास मुलाला मोकळा द्यावा आणि जमल्यास त्यातील थोडा वेळ आपणही त्याच्यासोबत असावे, एवढेच मागणे आहे.

विद्यार्थी मित्रांनो व मैत्रिणींनो, तुमच्यापैकी प्रत्येक जण ऑलिंपिकला जाणार नाही आणि जावयास हवे असेही नाही. परंतु हेलसिंकीचा एक दिवस मिळविण्यासाठी ज्या चौदाशे दिवसांत खाशाबा पहाटे उठले, तसा एक दिवस उद्या सकाळी तुमच्याही दाराशी येणार आहे. तालीम या शब्दाचे दोन्ही अर्थ तुमच्या आयुष्यात उतरोत, हीच सदिच्छा.